सोजरबाईचे सरगुंडे

भर दुपारी सासू-सासरे आतून कडी लावून बसतात, हे नव्या सुनेनं कोणाला विचारायचं?

माघात लग्न होऊन मी कारंजाहून इंझोरीला आले. सुरुवातीचे दिवस सुरळीत गेले. मग चैत्र लागला, ऊन तापलं आणि रोज एक नवल घडू लागलं. जेवणं आटोपली, भांडी घासून पालथी पडली, की माझे सासरे, म्हणजे मामाजी, मागच्या खोलीत जायचे. त्यांच्या मागोमाग माझी सासू, आत्याबाई. मग आतून कडी. उन्हं कलेपर्यंत दोघंही बाहेर येत नसत. बाहेर आले की मामाजी घामानं निथळलेले, आणि आत्याबाई माझ्याकडे न बघता चहाचं आधण ठेवणार.

मी आधी दुर्लक्ष केलं. मग लाजले. मग मात्र हबकलेच. साठी उलटलेली माणसं! घरात सून आली आणि हे! आईला फोन करून दबक्या आवाजात सांगितलं, तर तिला हसून हसून ठसका लागला. "तुले काय करा लागते? तू तुह्यं काम कर," म्हणाली. शेवटी नवऱ्याला, गणेशला, विचारलं. त्याचे कान लाल झाले. "आमच्या घरी उन्हाळ्यात असंच रायते," तो म्हणाला, "तू मधात नोको पडू." हे ऐकून मी गारच पडले. उन्हाळ्यात? फक्त उन्हाळ्यात?

आता मामाजी काय चीज होते ते सांगितल्याशिवाय माझा धक्का कुणाला कळायचा नाही. जगदेव हे नाव इंझोरीत जरा आवाज खाली करून घेतलं जायचं. उंचापुरा गडी, मिशा अशा की लहान पोरं बघून रडायची. एकदा बाजाराच्या दिवशी उधळलेला गोऱ्हा त्यांनी शिंगं धरून जागेवर थांबवला होता, आणि तो किस्सा दर पोळ्याला पारावर नव्यानं सांगितला जायचा. कोणाचं ढोर आमच्या तुरीत शिरलं तर मामाजींचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू यायचा. घरात बाईमाणसानं गडवा हातात दिल्याशिवाय पाणीसुद्धा न पिणारा माणूस. संध्याकाळी पारावर पुंजाजीकाका आणि ते, ही जोडी ठरलेली. पुंजाजीकाका बोलणार, मामाजी हुंकार भरणार.

आत्याबाई म्हणजे सोजरबाई. अंगानं काडी, जिभेनं कात्री. तूर विकायला कारंजाच्या बाजारात गेल्या तर व्यापारी आधी त्यांना चहा पाजायचा आणि मग भाव बोलायचा. पण त्यांचं नाव तुरीमुळे नव्हतं. नाव होतं सरगुंड्यांमुळे. गव्हाच्या मळलेल्या पिठाची दोऱ्यासारखी बारीक वात बोटांनी ओढत न्यायची, सर नावाच्या गवताच्या गुळगुळीत काडीवर वेढ्याला वेढा लावून गुंडाळायची, पाटावर हलक्या हातानं फिरवायची आणि काडीवरून अलगद सरकवून घ्यायची. आतून पोकळ, बाहेरून पीळदार. असे सरगुंडे बाजेवर धुतलेलं लुगडं पसरून वाळवायचे आणि डब्यात भरून ठेवायचे. खायच्या वेळी उकळत्या पाण्यात शिजवायचे, निथळायचे, वर तूप आणि आमरस. वऱ्हाडात रुखवतात सरगुंडे नसले तर विहीण नाक मुरडते, आणि असले पण जाडेभरडे असले तर जास्तच मुरडते. इंझोरीतल्या कुठल्याही मुलीचं लग्न ठरलं की तिच्या घरून आधी आत्याबाईंकडे गव्हाचं पीठ यायचं. मला हे स्थळ आलं तेव्हा माझी आईच म्हणाली होती, "सोजरबाईच्या सरगुंड्याइचं घर हाय, पोरगी सुखात राहीन."

तर त्या दुपारी वावटळ उठली. परसात माझ्या कुरोड्या वाळत होत्या. त्या परातीत गोळा करून मी धावत येत होते, तोच मागच्या खोलीच्या खिडकीचं दार वाऱ्यानं धाडकन उघडलं.

आत मामाजी मांडी घालून बसले होते. बनियन, धोतर, पुढ्यात पाट, ओल्या फडक्याखाली पिठाचा गोळा. नांगर धरून धरून भेगाळलेल्या त्यांच्या जाड बोटांतून वात निघत होती. केसाइतकी बारीक म्हणणार नाही, पण मी आयुष्यात तितकी बारीक पाहिली नव्हती. ती तुटत नव्हती, थांबत नव्हती, काडीवर आपोआप चढत होती. दाराला पाठ लावून आत्याबाई बसल्या होत्या, मांडीवर सूप घेऊन. डाळ निवडत होत्या. म्हणजे पहारा देत होत्या.

माझ्या हातातली परात पडली. कुरोड्यांचा भुगा झाला.

आत्याबाईंनी उठून आधी खिडकी लावली. मग दार उघडून बाहेर आल्या, मला मनगटाला धरून आत ओढलं आणि पुन्हा कडी घातली.

"पायलं?"

"हो."

"कोनाले सांगशीन?"

मी मामाजींकडे बघत होते. गोऱ्हा शिंगं धरून थांबवणारा माणूस, आणि त्यानं हातातली काडी धोतराच्या सोग्याखाली लपवली! कपाळापर्यंत लाल झाले होते.

"तुमी करता, मामाजी? हे... सारे तुमीच करता?"

"मंग कोन करन?" आत्याबाईच फणकारल्या. "मले नाई जमत. मी भाकर करतो, वावर करतो, बजार करतो. हे नाई होत माह्याच्यानं. आता झालं समाधान?"

मी मटकन खाली बसले. इतके दिवस माझ्या डोक्यात काय काय चाललं होतं ते आठवून लाजही वाटली आणि हसूही फुटलं. मी हसले तसे मामाजी आणखी लाल झाले. आत्याबाईंनी माझ्या डोक्यात टपली मारली. मग त्यासुद्धा हसायला लागल्या, तोंडात पदर कोंबून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

हळूहळू सगळी हकीकत कळली. याचं मूळ मामाजींच्या आईपाशी, जिजाबाईपाशी, होतं. तिला मुलगी नव्हती, आणि ऐन सरगुंड्यांच्या दिवसांत तिचं मनगट मोडलं. पीठ मळलेलं, शेजारणीच्या लग्नाचं काम अंगावर घेतलेलं. तिनं धाकट्या पोराला, जगदेवला, समोर बसवलं आणि काडी हातात दिली. पोराला ते असं काही साधलं की मनगट बरं झाल्यावरही जिजाबाईनं काडी परत मागितली नाही. फक्त दाराला कडी घातली. पोरगा सरगुंडे करतो हे कळलं तर त्याला बायको कोण देणार, ही तिची काळजी.

बायको मिळाली, पण तिला वात ओढता येईना. जिजाबाईनं शिकवून शिकवून कपाळ बडवून घेतलं. त्या उन्हाळ्यात बायका घरात आल्या, बाजेवर वाळत घातलेले सरगुंडे पाहिले आणि म्हणाल्या, जिजाबाई, सून मोठी हुन्नरी आणली हो. जिजाबाई गप्प राहिली. सोजरबाई गप्प राहिल्या. कोणी खोटं बोललं नाही. फक्त कोणी खरं बोललं नाही, आणि त्यातून गावभर नाव झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती जन्मभर झाकूनच ठेवावी लागली.

दार लावून का करता, असं बायका विचारायच्या. आत्याबाईंनी सांगून टाकलं, "वारा लागला की वात चिरते." झालं! अख्ख्या इंझोरीनं ते खरं मानलं. आजही आमच्या गावात चैत्र-वैशाखात बायका दारं-खिडक्या बंद करून सरगुंडे करतात. उकाड्यानं जीव जातो, पण दार उघडत नाहीत. सोजरबाईंची रीत म्हणून मुलींनी ती सासरी नेली. शिरपूरला दिलेल्या एका मुलीकडे मी गेले, तर तिथंही सगळ्या जणी कोंडून घेऊन घाम पुसत बसलेल्या. हे मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. एका माणसाची लाज झाकायची म्हणून एवढ्या बायका उकडून निघत होत्या!

त्यानंतर त्या खोलीत मलाही जागा मिळाली. मामाजी शिकवायला बसले की वेगळाच माणूस. आवाज नाही, राग नाही. माझी वात तुटली की "तुटू दे, पीठ कुठं पळून जाते?" एवढंच. उरलेले, वेडेवाकडे सरगुंडे ते स्वतः शिजवायचे आणि कांदा, हिरवी मिरची, टमाटं घालून फोडणी द्यायचे. तो पदार्थ त्यांच्या आईचा. एकदा मी कारंजाहून पास्ताचं पाकीट आणलं आणि करून वाढला. त्यांनी एक नळी चिमटीत धरली, उजेडाकडे करून आरपार बघितलं. "हे त मशीनीचं सरगुंडं हाय," म्हणाले. मग जरा चिंतेनं विचारलं, "तिकडं कोन करते हे? मानसं करते का बाया?" मी म्हटलं, तिकडे कोणीही करतं. त्यांनी ती नळी पुन्हा उजेडाकडे धरली.

त्याच दिवशी मी बोलून गेले. म्हटलं, मामाजी, सांगून टाका ना गावाला. कशाला जन्मभर कोंडून घेता?

माणूस इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांच्या हातातला घास ताटात पडला. "नाई," ते म्हणाले. "नाई, पोरी. माह्यं काई नाई. लोक हसतीन आन् इसरतीन. पन तुह्या आत्याबाईले भर बायाइत मान खाली घाला लागन. तिचं नाव हाय. थे जाऊ देजो नोको."

दुसऱ्या दिवशी वावराचा बांध साफ करताना आत्याबाईंना विचारलं, तर त्या माझ्यावर विळाच उगारायच्या बाकी राहिल्या. "मले फुहड म्हनतीन त म्हनतीन. मी ऐकून घेईन. पन त्याइले बायल्या म्हनतीन! पारावर बसू देनार नाईत. पुंजाजी त पयला हसन. तू तोंड उघडलं त माह्याशी गाठ हाय."

मी थक्क झाले. दोघांनी ही मूठ झाकली होती, पण स्वतःसाठी नाही. एकानं दुसरीच्या नावासाठी, दुसरीनं त्याच्या मानासाठी. आणि एकमेकांना हे त्यांनी कधी सांगितलंही नव्हतं. माझ्या माहेरी नवरा-बायको भांडून मोकळे होतात, तेवढंच प्रेम मला ठाऊक होतं. मी तोंडाला कुलूप लावलं.

असे काही उन्हाळे गेले.

यंदा शेजारच्या माणिकरावांच्या तनुजाचं लग्न ठरलं. तनुजा आमच्या अंगणात वाढलेली. तिची आजी हिरीबाई, आत्याबाईंच्या बरोबरीची आणि गल्लीतल्या सगळ्या शुभकार्यांची मुखत्यार, होळी झाल्याबरोबर पीठ घेऊन आली. मामाजींनी ते पीठ हातात घेतलं आणि मला म्हणाले, आपल्या पोरीचं काम हाय. इतके एकसारखे सरगुंडे त्यांनी त्याआधी केले नसतील. एक जाड नाही, एक बारीक नाही. वाळले, डब्यात भरले, मामाजींनी स्वतः झाकण दाबून बसवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी ते ओट्यावर बसले होते. चहा झाला होता. पाणी दे म्हणाले. आत्याबाईंनी गडवा आणून समोर धरला. मामाजींनी हात पुढे केला नाही. आत्याबाई म्हणाल्या, अवो, घ्या की. पुन्हा म्हणाल्या. मी चुलीपाशी होते. तिसऱ्यांदा त्या ज्या आवाजात म्हणाल्या, तो ऐकून मी जळतं लाकूड हातातून टाकून धावले.

दुखणं नाही, खुपणं नाही. आदल्या दिवशी हरभऱ्याची पोती उचललेला माणूस. वाशीमहून आलेल्या डॉक्टरनं हृदयाचं काहीतरी सांगितलं. गणेश ऐकत होता, पण त्याला कळत नव्हतं. मला तर रडूही येईना, मी नुसती त्यांच्या हातांकडे बघत होते.

तेरवीची पंगत उठली. पुरुष पारावर गेले आणि बायका आत्याबाईंभोवती बसल्या. पांढरं कपाळ, भिंतीला टेकलेली पाठ. कोणी काही बोललं तर मान हलवायच्या. हिरीबाई बराच वेळ चुळबुळ करत होती. शेवटी तिनं आत्याबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सोजर, वाईट वाटून घेजो नोको. पोरीचं शुभकार्य हाय. तनुजाचा डबा तुह्यापाशीच राहू दे. तुहा हात आता..." तिनं आत्याबाईंच्या रिकाम्या कपाळाकडे बघितलं. "आमी वाशीमहून इकतचे आनतो. तुह्या मेहनतीची माती नोको व्हाले. गाईले चारून दे."

खरं सांगते, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. विधवेच्या हातचे सरगुंडे रुखवतात चालत नाहीत म्हणजे आता आत्याबाईंना कधीच कोणी करायला सांगणार नाही. मूठ झाकलेलीच राहणार. गावानंच परस्पर आमची सुटका केली होती. पुढच्या क्षणाला तो डबा आठवला. मामाजींच्या हातचं शेवटचं काम. ते गाईपुढे टाकायचं? पण ते वाचवायचं तर दोघांनी जन्मभर जपलेलं सगळं उघडं पाडावं लागणार होतं. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या हिरीबाईच्या हाताकडे बघत होत्या.

"माहा हात त्याले लागला नाई," त्या म्हणाल्या.

"लागला नाई कसा? तूच त केले."

"कवाच नाई लागला, हिरीबाई. तुह्या पोरीइच्या रुखवताले बी नाई लागला. कोनाच्याच नाई. थे सारे गणेशच्या बापानं केले."

मग कोपऱ्यात कोणीतरी फिसकन हसलं, आणि लगेच तोंडावर पदर घेतला. हिरीबाई आधी आत्याबाईंकडे, मग माझ्याकडे बघू लागली. दुःखानं बाई भ्रमली असं तिला वाटलं असणार.

"निकिता, काय बोलून राह्यली हे?"

"खरं हाय," मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

"मानूस? सरगुंडे? आपला जगदेव?" हिरीबाईचे डोळे पांढरे व्हायचे बाकी होते. "नाई. मी नाई मानत."

"निकिता, पीठ आन," आत्याबाई म्हणाल्या.

मी जागची हलेना. त्या काय करणार हे मला कळलं होतं, आणि ते मला बघायचं नव्हतं. त्यांनी पुन्हा सांगितलं तेव्हा मी उठले, पीठ मळलं, पाट आणि काडी आणली. आत्याबाई पदर खोचून बसल्या. सगळ्या बायका पुढे सरकल्या. त्यांनी गोळी घेतली, वात ओढली. ती बोटाएवढी जाड निघाली आणि तुटली. दुसरी घेतली, ती काडीवर चढता चढता तुटली. तिसरी लोंबकळली आणि खाली पडली. गावात जिच्या नावानं सरगुंडे ओळखले जायचे, ती बाई आपल्या नवऱ्याच्या तेरवीला अख्ख्या गल्लीसमोर आपला अडाणीपणा पाटावर मांडत होती. कपाळावर घाम आला होता, पण थांबत नव्हती. माझ्यानं बघवेना.

"पुरे, सोजर," हिरीबाईनं तिचा हात धरला. "पुरे कर."

"पायलं? ज्या हाताचं तुमी नाव घेतलं थो हा हात होये." आत्याबाईंनी पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवले. "थे डबा भरत होते तवा माह्यं कुंकू जाग्यावर होतं. मंग गाईले कायले चारू?"

"अवं, पन जिते होते तवा काहून नाई सांगितलं?"

"तवा तुमी हसल्या असत्या," आत्याबाई म्हणाल्या. "आता हसा."

कोणी हसलं नाही. मघाशी हसलेली बाई हुंदके देऊ लागली. एकेक जण उठून गेली. हिरीबाई सगळ्यात शेवटी उठली. आत गेली, फळीवरचा डबा तिनं स्वतः काढला, पदराखाली घेतला आणि निघून गेली. ती त्याचं काय करणार, हे मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही. त्यानंतरही गल्लीत कोणी तो विषय काढला नाही. बायकांनी आपापल्या नवऱ्यांनाही सांगितलं नसावं, कारण पारावर सगळं शांत होतं. एवढी मोठी गोष्ट बायकांनी पोटात ठेवली, हाही माझ्यासाठी एक धक्काच होता.

वैशाखात तनुजाचं लग्न लागलं. मांडव आमच्या गल्लीतच होता. आत्याबाई अर्थातच मांडवात आल्या नाहीत. आमच्या ओट्यावर, खांबाला धरून उभ्या राहिल्या. मी मांडवात वाढपात होते.

अक्षता पडल्या. मग रुखवत दाखवायची वेळ आली. आमच्याकडे रुखवतातली एकेक वस्तू हातात घेऊन ती कोणाच्या हातची हे विहिणीला सांगायची पद्धत आहे. पूर्वी ते बायकाबायकांत व्हायचं, हल्ली बँडवाल्याचा माईक असतो, त्यामुळे पुरुषांच्या पंगतीलाही ऐकू जातं. हिरीबाईनं माईक धरला. लाडू मावशीच्या हातचे. पापड आत्याच्या हातचे. कुरोड्या निकिताच्या हातच्या. विहीणबाई मान हलवत होत्या.

मग तिनं परात उचलली. परातीत सरगुंडे होते. एक जाड नाही, एक बारीक नाही.

"हे सरगुंडे," हिरीबाई म्हणाली, आणि थांबली. माईकमधून तिचा श्वास ऐकू येत होता. "हे जगदेवच्या हातचे."

मांडवात कुजबूज उठली. पुरुषांच्या बाजूला कोणीतरी "काय म्हनलं?" असं विचारलं. जेवता जेवता पुंजाजीकाका उठून उभे राहिले. हात खरकटा, टोपी तिरकी. इतकी वर्षं रोज संध्याकाळी मामाजींशेजारी बसलेला माणूस. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोन जगदेव?" त्यांनी ओरडून विचारलं.

उत्तर मांडवाबाहेरून आलं. या घरात आल्यापासून मी आत्याबाईंच्या तोंडून "अवो" ऐकलं होतं, "गणेशचा बाप" ऐकलं होतं, ते नाव एकदाही ऐकलं नव्हतं. त्यांच्या वयाची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही.

"माहा," आत्याबाई ओट्यावरून म्हणाल्या. "माहा जगदेव."

पुंजाजीकाका खाली बसले. मी परात त्यांच्यापुढे नेली, तर त्यांनी एक कच्चाच सरगुंडा उचलला आणि मुठीत धरून तसेच बसून राहिले.